निशाणी डावा अंगठा

सन १९३६ मध्ये परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी एक विश्वपत्र प्रसृत केले. पुढे १९५७ च्या सप्टेंबरात बारावे पायस यांनी चित्रपट, आकाशवाणी व दूरचित्रवाणी या तिन्ही साधनांचा परामर्श घेणारे दुसरे विश्वपत्र लिहिले. त्यानंतर ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा सामाजिक संपर्कसाधनांविषयीचा आदेश जाहीर झाला. या तिन्ही लेखांत एक सूर समान आहे. ही साधने देवाने मनुष्याला दिलेल्या बुद्धीची फळे होत. ती सरसकट झुगारून देणे योग्य नाही आणि डोळे मिटून कवटाळणेही योग्य नाही. ती कशी वापरावी हे शिकले पाहिजे, आणि तरुणांस तर आवर्जून शिकविले पाहिजे.

त्या काळच्या आईबापांपुढचा प्रश्न तुलनेने सोपा होता. मुलाने सिनेमाला जावे की न जावे, गेल्यास कोणता पाहावा, एवढे ठरविले की त्यांचे काम होत असे. चित्रपटगृह गावाच्या एका टोकाला असे, त्याला दार असे, आणि दाराशी तिकीट तपासणारा माणूस उभा असे. आज ते चित्रपटगृह, वर्तमानपत्र, बाजार, बँक आणि जुगाराचा अड्डासुद्धा तळहाताएवढ्या एका यंत्रात मावून मुलाच्या उशाशी येऊन बसला आहे. सुज्ञ वाचकांस हे नव्याने सांगावयास नको. परंतु या बदलातील एक गोष्ट आईबापांच्या ध्यानात क्वचितच येते, आणि तिच्याविषयी चार शब्द लिहावे असा आमचा आज विचार आहे.

सिनेमाला जाणारा मुलगा प्रेक्षक होता. मोबाईल हाती घेतलेला मुलगा प्रेक्षक तर आहेच, शिवाय तो प्रकाशकही आहे. आलेल्या मजकुरावर त्याने अंगठा टेकविला की तो मजकूर क्षणात पन्नास घरांत जातो. मुलगा काय पाहतो याची काळजी आपण करतो, व ती केलीच पाहिजे. पण तो काय पाठवितो याची चौकशी किती घरांत होते?

घरातला वाचक

उदाहरणादाखल इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तालुका डोळ्यांपुढे आणू. माळव्याची काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन व हिवाळ्यात गहू. हा मुलूख एके काळी होळकरांच्या राज्यात होता, आणि त्या राज्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे माळव्यात पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. अशा घरातला मुलगा आईशी मराठीत बोलतो, शाळेत व बाजारात हिंदीत, आणि मोबाईलवर हिंदी व इंग्रजी यांचे मिश्रण वाचतो. सोयाबीनचा आजचा मंडीतला भाव, परीक्षेचा निकाल, बँकेचा निरोप, लग्नाचे आमंत्रण, सारे त्याच यंत्रावर येते. आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, आजीला हिंदी लिपी लागते पण बँकेची भाषा लागत नाही. मग दोघेही आपला मोबाईल नातवापुढे धरतात आणि म्हणतात, “बाळा, बघ रे हे काय आले आहे.”

म्हणजे शाळकरी पोर हे त्या घराचे वाचक झाले आहे. पूर्वी गावात पोस्टमन पत्र आणून द्यायचा आणि शिक्षक ते वाचून दाखवायचे. ते दोन्ही मान आता चौदा वर्षांच्या मुलाकडे आले आहेत. त्याने खरे म्हटले की घर खरे मानते. त्याने घाबरून सांगितले की घर घाबरते. त्यामुळे मुलाला या साधनाचे शिक्षण देणे म्हणजे त्याच्याबरोबर तीन पिढ्यांना शिक्षण देणे होय.

घाटाखालची गोष्ट

हे शिक्षण नसले तर काय घडते, हे पाहण्यासाठी माळव्यातून फार लांब जावे लागत नाही. आग्रा-मुंबई महामार्गाने सेंधव्यापुढचा बिजासनचा घाट उतरून खानदेशात आले की धुळे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तारीख १ जुलै २०१८, वार रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे त्या गावी आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्या समाजाचा पिढीजात क्रम. त्यांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यातले होते.

मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे संदेश त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून घरोघर पोहोचत होते. बाजारात ही अनोळखी माणसे दिसताच लोकांस संशय आला. कोणी विचारपूस केली नाही, कोणी पोलिसांची वाट पाहिली नाही. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने इतके मारले की पाचही जण मरण पावले. त्या मारहाणीच्या चित्रफितीही पुढे मोबाईलवर फिरल्या. वाचकहो, त्या पाच जणांनी कोणाचेही मूल पळविलेले नव्हते.

त्या वर्षी अशा संदेशांबरोबर देशभर एक चित्रफीत फिरत होती. दोन माणसे मोटारसायकलवरून येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलास उचलतात आणि निघून जातात, एवढेच तिच्यात दिसे. पाहणाऱ्या आईच्या काळजाचे पाणी व्हावे असेच ते दृश्य होते. शोध घेता आढळले की ती फीत पाकिस्तानातील कराची शहरात तयार झालेली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांनी जागरूक राहावे म्हणून एका सेवाभावी संस्थेने ती बनविली होती. मूळ फितीत ती माणसे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठी लिहिलेला फलक दाखवितात. आपल्याकडे कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेल्या तुकड्यातील प्रत्येक दृश्य डोळ्यांनी पाहिलेले होते, आणि तरीही तो तुकडा खोटा होता.

त्याच १ जुलैच्या रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावातही अशाच संशयाने जमावाने पाच जणांना घेरले. त्यांच्यात दोन वर्षांचे एक बालकही होते. तेथे मात्र पोलिस वेळीच पोहोचले आणि ती पाचही माणसे वाचली. अफवा दोन्ही ठिकाणी एकच होती. एका ठिकाणी माणसे मेली आणि दुसऱ्या ठिकाणी जगली, एवढा फरक काही मिनिटांच्या उशिराने अथवा लवकर येण्याने पडला.

पुढे धाडणे म्हणजे साक्ष देणे

आता असे पाहा. राईनपाड्यात ज्यांनी काठी उचलली, त्यांचा अपराध उघड आहे आणि त्यासाठी न्यायालये आहेत. परंतु तो संदेश ज्यांनी आपापल्या घरात बसून पुढे पाठविला त्यांचे काय? “आम्ही काही लिहिले नाही, आले ते पुढे ढकलले,” असे त्यांपैकी प्रत्येक जण म्हणेल. “खरे असले तर लोक सावध होतील, खोटे असले तर काय बिघडले?” हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकतो, आणि चांगली, देवभीरू माणसे तो करतात म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलही जाणते. पण मोशेच्या नियमशास्त्रात साक्षीविषयी आणखीही दंडक आहेत, ते आपण सहसा वाचत नाही. एकाच साक्षीदाराच्या शब्दावरून कोणास दोषी ठरवू नये, दोघांची वा तिघांची साक्ष हवी, असे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे. आणि ज्याच्या साक्षीने मृत्युदंड होणार, त्या साक्षीदाराचा हात प्रथम उठला पाहिजे, असाही नियम तेथे आहे. आजच्या कानाला तो कठोर वाटेल; त्यातील मर्म मात्र ओळखण्याजोगे आहे. साक्ष देऊन बाजूला होता येत नाही. शब्द तुझा असेल तर त्याचे ओझेही तुझेच आहे.

मोबाईलने हे ओझे अदृश्य केले आहे. पुढे धाडणाऱ्यास राईनपाडा दिसत नाही, तेथली खोली दिसत नाही. पण आत्याकडून आलेला संदेश पुतणी खरा मानते तो संदेशातील शब्दांमुळे नव्हे. आत्याने पाठविला म्हणून. प्रत्येक पाठविणारा त्या मजकुरास आपल्या नावाची पत जोडतो. यालाच साक्ष म्हणतात.

आपल्या आजे-पणज्यांच्या काळी सावकाराच्या कागदावर अडाणी कुळाचा अंगठा उमटवून घेत आणि त्याखाली कारकून लिही, ‘निशाणी डावा अंगठा’. काय लिहिले आहे ते त्या बिचाऱ्याला वाचता येत नसे, आणि त्या एका निशाणीपायी जमिनी गेल्या. म्हणून साक्षरतेच्या चळवळी झाल्या, रात्रशाळा निघाल्या. आज आपली मुले पदवीधर आहेत, तरी न वाचलेल्या, न तपासलेल्या मजकुरावर दिवसातून शंभर वेळा अंगठा देतात. मग त्यांना साक्षर कसे म्हणावे?

सन २०१८ च्या जागतिक संपर्कसाधन दिनासाठी परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी खोट्या बातम्यांचाच विषय घेतला होता. त्या संदेशात त्यांनी एदेन बागेतील सर्पाचे उदाहरण दिले. सर्पाने हव्वेशी उघड खोटे बोलण्यास आरंभ केला नाही. देवाने म्हटलेल्या गोष्टीत थोडा फेरफार करून त्याने प्रश्न विचारला आणि तिच्या मनात शंका पेरली. कराचीच्या फितीचा शेवट कापणाऱ्याने तरी निराळे काय केले?

बंदी, भोंगा आणि शिकवण

या संकटावर उपाय काय, याचा विचार आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांनी केला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्शी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई केली. सातासमुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने बंदी केली असून ती १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आली. गाव लहान, देश मोठा. काळजी मात्र एकच. बंदीचा उपयोग आहे हे आम्हांस मान्य आहे. कोवळ्या रोपास कुंपण लागतेच. पण कुंपणाने रोप वाढत नाही. अठरावे वर्ष उजाडेल त्या दिवशी मुलाच्या हाती मोबाईल येईल, आणि त्या दिवशी त्याला तो वापरण्याचे ज्ञान आपोआप येणार नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळा मार्ग काढला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद, मुलांनी अभ्यासाला बसावयाचे, मोठ्यांनी वाचावे अथवा एकमेकांशी बोलावे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो आणि मग ज्याला जे करावयाचे ते त्याने करावे. सरपंच विजय मोहिते व ग्रामसभेतील स्त्रिया यांनी हा नियम पुढाकाराने लागू केला. या उपायात आम्हांस विशेष आवडलेली बाब म्हणजे मोबाईल मुलाबरोबर बापालाही ठेवावा लागतो. आमच्या वाचकांस येथे सायंकाळच्या देवदूत-प्रार्थनेच्या घंटेची आठवण होईल. घंटा झाली की शेतातला माणूस नांगर थांबवून उभा राही आणि घरी जपमाळेला सारे कुटुंब गुडघे टेकी. सायंकाळची घंटा कशासाठी असते, हे त्या वडगावकरांस बरोबर उमगले आहे.

तिसरे गाव सोलापूर जिल्ह्यातले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या प्राथमिक शिक्षकाने पाठ्यपुस्तकातील धड्यांना चौकटीच्या खुणा जोडल्या. मोबाईल त्या खुणेवर धरला की धड्याची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, प्रश्न सोडविता येत. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. राईनपाड्यात मेलेल्यांपैकी बहुतेक जण याच सोलापूर जिल्ह्यातले होते. एका तालुक्यात या यंत्राने खेड्यातल्या मुलींच्या हाती विद्या दिली, आणि शेजारच्या भागातील घरांत त्याच यंत्राने प्रेते पाठविली. यंत्र दोन्हीकडे तेच होते. एका बाजूस ते वापरण्यापूर्वी कोणी विचार केला होता.

चौथे उदाहरण केरळचे. सन २०१८ मध्येच कन्नूर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ‘सत्यमेव जयते’ या नावाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत वर्ग चालू केले. खोटा संदेश कसा ओळखावा, आपल्याला आवडणारी बातमी आपण का तपासत नाही, हे तेथे मुलांस शिकविले गेले. ती मुले घरी जाऊन आईबापांना शिकवू लागली तर त्यात नवल ते काय! घरातला वाचक तोच आहे, हे आम्ही वर म्हटलेच आहे.

अंगठा देण्यापूर्वी

आमच्या मते बंदी लहान वयापुरती, भोंगा सर्वांसाठी, आणि शिकवण जन्मभर असावी. ही शिकवण देण्यास आईबाप यंत्रातले तज्ज्ञ असले पाहिजेत असे नाही. पुढील प्रश्न विचारण्याची सवय घरात लावली तरी पुष्कळ साधेल.

पहिला प्रश्न: हे कोणी सांगितले? ‘फॉरवर्डेड’ अशी खूण ज्या संदेशावर असते तो पाठविणाऱ्याचा स्वतःचा नसतो. ही खूण व्हॉट्सॲपने जुलै २०१८ पासून दाखविण्यास प्रारंभ केला. दोन बाणांची खूण असेल तर तो मजकूर पाच वा अधिक हातांतून फिरत आलेला असतो. म्हणजे पाठविणाऱ्या मामांनाही त्याचा उगम ठाऊक नसतो.

दुसरा प्रश्न: हे कोठले व केव्हाचे? छायाचित्र जुने असते आणि नाव नव्या गावाचे लावलेले असते. गूगल लेन्ससारख्या साधनात ते चित्र घातले तर ते यापूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते हे पुष्कळदा कळते. सरकारच्या नावाने फिरणारा मजकूर पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाकडे पडताळता येतो. तो विभाग २०१९ पासून हे काम करीत आहे.

तिसरा प्रश्न: याचा दुसरा साक्षीदार कोण? प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नगरातील लोकांची प्रशंसा केली आहे. प्रत्यक्ष संत पौलाचे प्रवचन ऐकल्यावरही ते लोक रोज शास्त्रग्रंथ उघडून ते खरे आहे की काय हे पडताळून पाहत. पौलास त्याचा राग आल्याचे तेथे लिहिलेले नाही. तेव्हा आपल्या संदेशाची पडताळणी केल्याने कोणी काकांनीही रुसू नये.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हे वाचून माझ्या मनात काय उसळले? भय, संताप की लोभ? ज्या मजकुराने यांपैकी काही एकदम उसळते, तो मजकूर रात्रभर तसाच ठेवावा. अफवा रचणारा माणूस आपल्या बुद्धीशी बोलत नसतो. तो आपल्या उतावळेपणावर भिस्त ठेवून असतो.

हाच चौथा प्रश्न फसवणुकीपासूनही वाचवितो. “तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हांला डिजिटल अटक केली आहे, खोलीबाहेर पडू नका,” अशी धमकी देऊन वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही, हे आजी-आजोबांस नातवंडांनी आजच समजावून सांगावे. आता यंत्रे माणसाच्या आवाजाचीही हुबेहूब नक्कल करतात. तेव्हा मुलाच्या आवाजात कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लवकर कळविल्यास रक्कम वाटेतच अडविता येण्याचा संभव असतो.

तरुणांस आणखी एक मोह आहे तो पैशांच्या खेळांचा. पैसे लावून खेळावयाच्या अशा खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. कायदा झाला म्हणून मोह संपला असे समजू नये. आणि आईबापांस आमची कळकळीची विनंती आहे की, मुलाच्या हातून अशी काही चूक झाली, अथवा कोणी त्याला छायाचित्रावरून धमकावू लागले, तर त्याने प्रथम तुमच्याकडे यावे असे घर ठेवा. रागे भरण्यास नंतर पुष्कळ वेळ मिळतो. भयाने कोंडलेले मूल एकटे पडले तर काय करून बसेल याचा नेम नसतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे, तो प्रत्येक मुलाला पाठ असावा.

या युगातही हे साधन पवित्रतेने वापरता येते, याचे उदाहरण ख्रिस्तसभेने आपल्यापुढे ठेवले आहे. कार्लो आकुतिस या इटालियन मुलाचा जन्म १९९१ चा. २००६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. संगणकाची त्याला विलक्षण आवड होती. त्या विद्येने त्याने जगभरातील पवित्र मिस्साविषयक चमत्कारांची माहिती एकत्र करून लोकांस खुली केली. खेळांचा शौक त्यालाही होता, पण आठवड्यातून एकच तास खेळावयाचे असा नियम त्याने आपला आपण घालून घेतला होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी परमगुरुस्वामी चौदावे लिओ यांनी त्याला संतपद दिले. त्याच्या हातात जे यंत्र होते तेच आपल्या मुलांच्या हातात आहे.

आमची धर्मग्रामांस एक सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबावे. त्या महिन्यात व्हॉट्सॲपवर आलेले चार संदेश मुलांनी आणावेत आणि वडीलधाऱ्यांसमक्ष ते तपासून दाखवावेत. त्यासाठी तज्ज्ञ नको की खर्च नको. आणि ज्याने खोटा मजकूर पाठविला असेल त्याने, ज्या ज्या ठिकाणी तो पाठविला त्या त्या ठिकाणी, “मी पाठविलेले खोटे होते” असे लिहून धाडावे. चोरीचा माल परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, असे आपण शिकतो. गेलेल्या शब्दाचेही तसेच आहे.

राईनपाड्याच्या त्या पाच जणांना आता कोणाचा खुलासा पोहोचणार नाही. परंतु आज, या घटकेला, कोणा अनोळखी फिरस्त्याविषयी लिहिलेला एखादा मजकूर आपल्यापैकी कोणाच्या तरी मोबाईलवर येऊन पडलेला असेल. तो पुढे जाईल की तेथेच थांबेल, हे त्या घरातला चौदा वर्षांचा वाचक ठरविणार आहे. त्याला आज सायंकाळी, जपमाळेनंतर, जवळ बसवून घ्या.